दोनशे रुपयांचे निवृत्तिवेतन आणि संसदेची जबाबदारी

(दिल्लीतील मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२४ मार्च २०२५ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. तिच्यान्वये संसद सदस्यांचे मासिक वेतन एक लाख रुपयांवरून १ लाख २४ हजार रुपये झाले आणि माजी सदस्यांचे निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाले. ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे मागील तारखेपासून लागू करण्यात आली. तिच्यासाठी कोणाही खासदाराला जंतरमंतरवर बसावे लागले नाही. २०१८ च्या वित्त कायद्याने तशी तरतूदच करून ठेवली आहे: दर पाच वर्षांनी महागाईचा निर्देशांक पाहावयाचा आणि त्या प्रमाणात रक्कम वाढवावयाची. भाव वाढले की रुपयाची किंमत घटते, आणि ती घट भरून दिली नाही तर आकडा तोच ठेवूनही वेतन कापल्यासारखे होते, हा साधा हिशेब संसदेला उत्तम समजतो, एवढे यावरून सिद्ध होते.

आता दुसरा आकडा पाहा. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षे वयाच्या वृद्धाला केंद्र सरकार आपल्या तिजोरीतून दरमहा २०० रुपये देते. हा दर २००६ साली ठरला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पापर्यंत त्यात एका रुपयाचीही वाढ झाली नाही. राज्य सरकारे त्यात आपापली भर घालतात ही गोष्ट खरी. परंतु भारताचे प्रजासत्ताक आपल्या थकलेल्या नागरिकाला स्वतःच्या हाताने जे देते, ते एवढेच.

वृद्ध व अपंग यांचे निवृत्तिवेतन रद्द करावयाचे असेल तर कोणत्याही सरकारला तसा कायदा करण्याची गरज नाही. सभागृहात त्यावर चर्चा होत नाही, मतदान होत नाही, वर्तमानपत्रांत मथळा येत नाही. तीन सोपे मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, रकमेचा आकडा तसाच ठेवून महागाईला तो झिजवू द्यावयाचा. दुसरा, लाभार्थींची संख्या गोठवून नव्या म्हाताऱ्यांना यादीबाहेर ठेवावयाचे. तिसरा, यादीत असलेल्यांकडे कागदाचा, अंगठ्याचा, जिवंत असल्याचा पुरावा मागत राहावयाचे. या तीन मार्गांनी जे हिरावून घेतले गेले ते पूर्ववत करण्यास लोकप्रतिनिधींना भाग पाडणे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

घटनेतील वचन

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण, अपंगत्व व बेकारी या अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. मात्र त्या वाक्याच्या आरंभीच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या अर्थाचे शब्द आहेत. सत्ताधारी वर्गाने सत्तर-पंचाहत्तर वर्षे या वाक्यातला हक्क विसरून मर्यादा तेवढी लक्षात ठेवली.

राज्यांपैकी उत्तर प्रदेशाने १९५७ साली निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. केरळात नायनार मंत्रिमंडळाने १९८० साली शेतमजुरांना दरमहा ४५ रुपयांचे निवृत्तिवेतन दिले. दुसऱ्याच्या शेतात जन्म घालविणाऱ्या माणसाला नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचा दर्जा त्यामुळे प्रथमच मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. हरियाणात देवीलाल सरकारने १९८७ साली १०० रुपयांचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन चालू केले. केंद्र सरकारला मात्र स्वातंत्र्यानंतर ४८ वर्षे लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला आणि ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी केंद्राने दरमहा ७५ रुपये देऊ केले.

पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी हुकूम दिला की, हे निवृत्तिवेतन प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळालेच पाहिजे. २७ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने आणखी एक आदेश दिला: आपल्या परवानगीवाचून ही योजना बंद करावयाची नाही किंवा तिचा संकोच करावयाचा नाही. योजना बंद झाली नाही. तिचा संकोच मात्र कोणत्याही आदेशावाचून होत राहिला.

महागाईने केलेली कपात

१९९५ साली ७५ रुपये. २००६ साली २०० रुपये. २०११ साली वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ८० वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. त्यानंतर वृद्धांचा दर हललेला नाही.

औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने हिशेब केला तर १९९५ ते २०२५ या काळात किमती साधारण सहापट झाल्या. म्हणजे त्या वेळच्या ७५ रुपयांत जेवढे धान्य, तेल, औषध येत असे, तेवढेच आणावयाचे तर आज सुमारे साडेचारशे रुपये लागतील. हातात पडतात २००. नरसिंह राव सरकारने दिलेल्या ७५ रुपयांच्या निम्मीही किंमत आजच्या २०० रुपयांत नाही. २००६ सालाशी तुलना केली तर या २०० रुपयांत त्या वेळचा जेमतेम साठ रुपयांचा माल येतो. आकडा वाढला आणि निवृत्तिवेतन घटले! खासदारांच्या निवृत्तिवेतनाला निर्देशांकाचे कवच आहे. वृद्ध मजुराचे निवृत्तिवेतन उघड्यावर आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय करणारे सभागृह एकच आहे.

महाराष्ट्रात ‘निराधारचा पगार’ म्हणून ओळखली जाणारी रक्कम २०१९ साली ६०० वरून १,००० आणि २०२३ साली १,५०० रुपये झाली. ही वाढ लोकांच्या रेट्यामुळे झाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ती मिळण्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. ३६५ दिवसांनी भागले म्हणजे दिवसाला ५८ रुपये होतात. घरातील एका माणसाने शेतावर महिनाभरात आठ-दहा दिवस मजुरी केली, तर त्याची म्हातारी आई सरकारच्या दृष्टीने निराधार राहत नाही. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला खरा असेल तर अर्ज फेटाळला जातो, आणि अर्ज मंजूर व्हावयाचा तर दाखला खोटा असावा लागतो. गरिबाला खोटे बोलावयास लावावयाचे आणि मग तो खोटे बोलतो म्हणून फेरतपासणी काढावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

राजधानीतील बंद यादी

आता आपण ज्या शहरात बसलो आहोत त्या शहराकडे वळू. दिल्ली सरकारने २०१७ साली ६० ते ६९ वर्षांच्या वृद्धांसाठी २,००० आणि ७० वर्षांवरील वृद्धांसाठी २,५०० रुपये असा दर ठरविला. केंद्राच्या २०० रुपयांच्या तुलनेत तो निश्चितच चांगला होता. परंतु दर ठरला तशी संख्याही ठरली. मंजूर संख्या भरली की नवा अर्ज घेतला जात नाही. ज्याची साठी आधी आली तो आत, ज्याची नंतर आली तो बाहेर. यादीतील कोणी मृत्यू पावला तर जागा रिकामी होणार. एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहावी, यापेक्षा अमानुष नियम कोणता असू शकेल?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन दिल्ली सरकारने आणखी ८० हजार वृद्धांना सामावून घेण्याची घोषणा केली. साडेचार लाखांची यादी ५ लाख ३० हजारांची झाली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ८० हजार माणसे एका रात्रीत म्हातारी झाली नव्हती. ती आधीपासूनच दाराबाहेर उभी होती. निवडणूक आली की दार किलकिले होते, हा अनुभव एका पक्षापुरता किंवा एका राज्यापुरता नाही. हक्क कायद्यात नसला आणि मंत्रिमंडळाच्या मर्जीवर असला म्हणजे असेच घडते.

राजधानी परिसर हा व्यवहारात एकच श्रमबाजार आहे. वझीरपूरच्या पोलाद भट्ट्या, ओखल्याचे शिवणकामाचे कारखाने, आझादपूरची भाजी मंडई, साहिबाबादचे यंत्रकारखाने, नोएडा व गुडगावच्या इमारतींची बांधकामे: कामगार आज इथे असतो, उद्या तिथे. भांडवलाला राज्याची सीमा आड येत नाही. परंतु तोच कामगार थकला म्हणजे सीमा एकाएकी उभी राहते. हरियाणाच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये दर ३,००० रुपये झाला. उत्तर प्रदेशात २०२१ च्या अखेरीस तो ५०० वरून १,००० रुपयांवर आला. यमुनेच्या अलीकडे म्हातारपणाला एक भाव, पलीकडे दुसरा. दिल्लीत तर पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. झोपडपट्टीवर बुलडोझर फिरला की त्या पुराव्याचीही माती होते. बिहारमधून किंवा मराठवाड्यातून विशीत आलेला माणूस साठीला पोचतो तेव्हा गावची यादी म्हणते, ‘तू इथे राहत नाहीस’, आणि शहराची यादी म्हणते, ‘तू इथला असल्याचे सिद्ध कर.’ ज्याने शहर बांधले त्याला शहराने पत्ता दिलेला नसतो.

जिवंत असल्याचा पुरावा

तिसरा मार्ग पुराव्याचा. हमाल, विटभट्टी कामगार, घरकाम करणारी बाई यांच्यापैकी कितीजणांकडे जन्माचा दाखला आहे? नोंदणी करणाऱ्याने विचारले, माणसाने अदमासे वर्ष सांगितले, आणि कार्डावर १ जानेवारी ही तारीख उमटली. अशा अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर पुढे म्हातारपण ठरते. आयुष्यभर सिमेंट कालविणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा यंत्रावर उमटत नाही. श्रमाने पुसलेली रेषा हा श्रमाचा पुरावा मानावयास हवा. यंत्र मात्र त्याच कारणाने माणसाला नाकारते.

राजधानी परिसरातीलच रोहतक जिल्ह्यात सप्टेंबर २०२२ मध्ये शंभरी ओलांडलेल्या एका वृद्धाने रथात बसून, बँड लावून मिरवणूक काढली. सरकारी नोंदीत मृत ठरल्यामुळे त्याचे निवृत्तिवेतन काही महिन्यांपूर्वी थांबले होते. आपण जिवंत आहोत हे सरकारला कळावे म्हणून त्याला नवरदेवासारखी वरात काढावी लागली. देशभर लोक त्या दृश्यावर हसले. परंतु ज्यांच्याकडे रथ नाही, बँड नाही आणि मदतीला धावून येणारे गाव नाही, अशी माणसे नोंदवहीत मरतात आणि मग खरोखरच मरतात. त्यांची मिरवणूक कोणी पाहत नाही.

अपंगांना दुहेरी अन्याय

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतन योजनेची मंजूर संख्या सुमारे ८ लाख ३३ हजार आहे. शंभरात तीन! कारण ही योजना २००९ साली सुरू करतानाच ८० टक्के अपंगत्वाची व दारिद्र्यरेषेची अशा दोन अटी घालण्यात आल्या. दर २०१२ साली २०० वरून ३०० रुपये झाला आणि तिथेच थांबला.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणातून अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले. शब्द बदलला, फलक बदलले, खात्यांची नावे बदलली. ३०० रुपये बदलले नाहीत. त्यानंतर २०१६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्याने ४० टक्के अपंगत्व हे सवलतींसाठी प्रमाण मानले. त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तत्सम योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी. संसदेने कायद्यात ४० टक्के लिहिले, सरकारने योजनेत ८० टक्के ठेवले. ५० किंवा ६० टक्के अपंगत्व असलेला माणूस कायद्याच्या पुस्तकात हक्कदार आहे, केंद्राच्या योजनेच्या यादीत नाही. संसदेनेच केलेल्या कायद्याचा हा अवमान आहे आणि तो दूर करण्याची मागणी करताना खासदारांकडे दयेची याचना करण्याचे कारण नाही. त्यांना त्यांच्या सहीची आठवण करून द्यावयाची आहे.

कारखान्यातून बाहेर पडलेल्यांची गत

संघटित क्षेत्रातील कामगार सुरक्षित आहे, असा एक समज आहे. तोही तपासून पाहावा लागेल. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या वर्गणीपैकी वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम जाते. तीस-तीस वर्षे ही रक्कम भरणाऱ्या कामगारांच्या हाती शेवटी किती पडते? १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम १,००० रुपये ठरली. तीही या वृद्धांना लढून मिळवावी लागली. पुढे दहा वर्षे उलटून गेली तरी ती वाढली नाही. महाराष्ट्रातील साखर कारखाने, एस.टी., सहकारी संस्था, गिरण्या यांतून निवृत्त झालेले हजारो लोक या योजनेत आहेत. बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये या निवृत्तांनी साखळी उपोषण सुरू केले, आणि महागाई भत्त्यासह किमान ७,५०० रुपयांची मागणी घेऊन ते वारंवार दिल्लीत आले.

ते दिल्लीला येतात ते पूर्ण भाड्याने. कारण ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत मिळणारी सवलत, म्हणजे पुरुषांना ४० टक्के व स्त्रियांना ५० टक्के, महामारीचे निमित्त करून २० मार्च २०२० रोजी काढून घेण्यात आली. महामारी गेली, गाड्या भरून धावू लागल्या. सवलत परत आली नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने निदान शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात तरी तिचा विचार करावा अशी शिफारस केली. या समितीत सत्ताधारी पक्षाचेही सदस्य असतात. त्यांची शिफारसही कागदावरच राहिली.

‘पैसा कोठून आणावयाचा?’

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला भावनेने उत्तर देऊ नये, हिशेबाने द्यावे.

केंद्राच्या यादीत सुमारे २ कोटी २१ लाख वृद्ध आहेत. दरमहा २०० रुपयांप्रमाणे वर्षाला सुमारे ५,३०० कोटी रुपये होतात. त्यांना १९९५ च्या ७५ रुपयांची मूळ किंमत म्हणजे ४५० रुपये द्यावयाचे ठरविले, तर सुमारे ११,९०० कोटी लागतील. वाढीव खर्च ६,६०० कोटी. आता दुसरी बाजू. २० सप्टेंबर २०१९ रोजी सरकारने कंपन्यांवरील कर कमी केला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हा अंदाज अर्थमंत्र्यांनी स्वतःच सांगितला होता. या सवलतीसाठी कंपन्यांच्या संचालकांना तलाठ्याचा दाखला आणावा लागला नाही, अंगठाही लावावा लागला नाही. यादी भरली म्हणून कोणाही कंपनीला परत पाठविले गेले नाही. विधवा व अपंग निवृत्तिवेतनासह या संपूर्ण सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२४-२५ साली ९,६५२ कोटी होती आणि २०२५-२६ सालीही तेवढीच, ९,६५२ कोटी राहिली. तेव्हा प्रश्न पैशाच्या अभावाचा नसून तो कोणाकडे वाहतो याचा आहे.

शेजारच्या नेपाळकडे पाहा. दरडोई उत्पन्नात तो देश भारताच्या मागे आहे. तेथे मनमोहन अधिकारी यांच्या अल्पमतातील कम्युनिस्ट सरकारने १९९४ च्या डिसेंबरात ७५ वर्षांवरील प्रत्येक वृद्धाला दरमहा १०० रुपये देण्याचे जाहीर केले. गरीब कोण हे शोधण्याच्या भानगडीत ते पडले नाही. ते सरकार नऊ महिन्यांत गेले, परंतु भत्ता राहिला. नंतरच्या कोणत्याही सरकारला तो काढण्याचे धाडस झाले नाही. २०२१ साली तो ४,००० नेपाळी रुपये झाला आणि २०२२ साली वय ६८ वर आले. भारतीय चलनात हे २,५०० रुपये होतात. दिल्लीच्या वसाहतींतून रात्री काठी आपटत फिरणाऱ्या नेपाळी चौकीदाराच्या आईला तिचे सरकार जेवढे देते, त्याच्या एक दशांशही भारताचे केंद्र सरकार त्या वसाहतीत झाडू मारणाऱ्या भारतीय स्त्रीच्या आईला देत नाही!

केरळने ही रक्कम २०२१ साली १,६०० रुपयांपर्यंत नेली आणि सहकारी बँकांच्या कर्मचाऱ्यांकरवी ती वृद्धांच्या घरी पोचविण्याची पद्धत रूढ केली. राजस्थानने २०२३ साली किमान हमी उत्पन्नाचा कायदा करून निवृत्तिवेतन दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढविण्याची तरतूद कायद्यातच घातली. कायद्यात वाढ लिहिता येते हे खासदारांच्या वेतनाने दाखविले, आणि ती गरिबांसाठीही लिहिता येते हे एका राज्याच्या विधानसभेने दाखविले. अशक्यतेची सबब उरत नाही.

दोन आक्षेप आणि एक आत्मटीका

पहिला आक्षेप असा की, म्हाताऱ्यांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे. सरकारने पैसे दिले तर कुटुंबसंस्था दुबळी होईल. वास्तविक ज्या घरात म्हातारीच्या हातात स्वतःचे दोन पैसे असतात, त्या घरात तिच्या ताटात भाकरी पडताना कुरकुर होत नाही. नातवाच्या हातावर एक नाणे ठेवण्याची ऐपत माणसाला घरात माणूस म्हणून ठेवते. घरे मोडतात ती दारिद्र्यामुळे.

दुसरा आक्षेप असा की, ही ‘रेवडी’ आहे, फुकटची वाटणी आहे. चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला फुकट काय मिळाले? त्याच्या मजुरीत म्हातारपणाची तजवीज कधीच धरली गेली नाही. ती रक्कम मालकाच्या नफ्यात गेली. निवृत्तिवेतन म्हणजे थकलेली मजुरी आहे. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा हे तत्त्व मान्य करण्यात आले: ज्याला कायम मालक नाही अशा हमालासाठीही मंडळ स्थापून, व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेऊन, भविष्य निर्वाह निधीची व्यवस्था करता येते. मे २०१२ मध्ये पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेच्या झेंड्याखाली देशभरचे वृद्ध कष्टकरी दिल्लीच्या उन्हात जंतरमंतरवर बसले, तेव्हा त्यांनी किमान वेतनाच्या निम्म्या रकमेची मागणी केली ती याच आधारावर. मागणीची मोजणी त्यांनी मजुरीच्या मापाने केली, भिकेच्या मापाने केली नाही.

आणि आत्मटीका ही की, कामगार चळवळीने या प्रश्नाला दीर्घकाळ दुय्यम स्थान दिले. कारखान्याच्या दारावर सभा झाल्या, बोनसचे, महागाई भत्त्याचे लढे झाले. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर कधी आलेच नाही त्याचे म्हातारपण कोणत्याही करारात आले नाही. संघटित कामगाराने महागाई भत्ता मिळविला तेव्हा त्याच महागाईत शेजारच्या झोपडीतील वृद्धेचे ७५ रुपये झिजत होते. ही त्रुटी पक्षाने मान्य केली पाहिजे व भरून काढली पाहिजे.

मागण्या आणि कार्य

लोकप्रतिनिधींपुढे मांडावयाच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात:

१. केंद्राच्या वृद्ध, विधवा व अपंग निवृत्तिवेतनाची झिजलेली किंमत प्रथम पूर्ववत करावी, आणि ते टप्प्याटप्प्याने किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत न्यावे.

२. खासदारांच्या वेतनाप्रमाणे त्याला निर्देशांकाशी बांधावे, आणि ते पाच वर्षांनी नव्हे तर दरवर्षी.

३. मंजूर संख्येची मर्यादा रद्द करावी. आयकर भरणारे व अन्य निवृत्तिवेतन घेणारे वगळून प्रत्येक वृद्धाला हक्क असावा.

४. अपंगत्वाची अट ८० वरून ४० टक्क्यांवर आणावी आणि कायद्यातील २५ टक्के वाढीचे पालन करावे.

५. हयातीच्या पुराव्याअभावी निवृत्तिवेतन थांबविण्यापूर्वी घरी जाऊन चौकशी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे. चुकीने थांबलेली रक्कम थकबाकीसह द्यावी.

६. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची किमान रक्कम वाढवावी व रेल्वेची सवलत परत द्यावी.

संसदेत या मागण्यांना वाट करून देण्याची साधने आहेत. लोकसभेत नियम ३७७ खाली प्रश्न उपस्थित करता येतो. राज्यसभेत विशेष उल्लेख करता येतो. हा कार्यक्रम ग्रामविकास मंत्रालयाच्या अनुदानात येतो. त्या मागणीवर विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी १०० रुपयांची सांकेतिक कपात सूचना देता येते. ज्या सभागृहात १०० रुपयांची कपात सुचवून सरकारला जाब विचारता येतो, तेथे २०० रुपयांचा जाब विचारणारे सदस्य पुरेसे का निघत नाहीत, हे मतदारांनी विचारले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयानेही १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात वृद्धांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काचा उल्लेख करून, निवृत्तिवेतनाची रक्कम वास्तवाला धरून असावी याचा फेरविचार करण्यास सरकारला सांगितले. न्यायालय फेरविचार करावयास सांगू शकते. अर्थसंकल्प मात्र संसदच मंजूर करते.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील, गावातील वृद्ध व अपंगांची यादी करावी. ती करताना तीन गोष्टी लिहाव्यात: ज्याला मिळते त्याला किती व कधी मिळते, ज्याला मिळत नाही त्याचा अर्ज कोठे अडला, ज्याचे बंद झाले त्याचे कोणत्या कारणाने बंद झाले. या यादीची एक प्रत तहसील कार्यालयात, एक आमदाराला आणि एक खासदाराला समक्ष द्यावी व पोच घ्यावी. अधिवेशनात त्या खासदाराने काय केले याचा हिशेब त्याच वस्तीत, त्याच माणसांसमोर मांडावा. दिल्लीतील मराठी सभासदांवर आणखी एक जबाबदारी आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून जंतरमंतरवर येणाऱ्या वृद्धांच्या निवाऱ्याची, पाण्याची, औषधाची व्यवस्था करणे, त्यांची निवेदने हिंदीत करून देणे, आणि त्यांच्या जिल्ह्याच्या खासदाराच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर जाणे.

कॉम्रेड्स, ज्याने आयुष्यभर देशाचे ओझे उचलले त्याचे ओझे उचलण्याची पाळी आता देशाची आहे. ७ तारखेला पोस्टाच्या किंवा बँकेच्या पायरीवर बसून आपल्या नावाची वाट पाहणारी माणसे कोणाचे आभार मानण्यासाठी आलेली नसतात. ती आपली थकबाकी वसूल करण्यासाठी आलेली असतात. ही थकबाकी चुकती करण्यास संसदेला भाग पाडणे हे पक्षाचे कार्य आहे, आणि त्याची सुरुवात आपापल्या गल्लीतील यादीपासून झाली पाहिजे.